व्हिजिट चार्ज द्या, घासाघीस पुढे करा

टीव्हीचा आवाज येतोय, चित्र नाही. आपण फोन लावतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "किती घेणार?" पलीकडून उत्तर येतं, "बघितल्याशिवाय कसं सांगू?" आपल्याला वाटतं, हा आत्तापासूनच हात राखून बोलतोय. खरं तर त्या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच. जो न बघता "पाचशेत करून देतो" म्हणतो, तो एक तर नवशिका असतो, नाही तर घरात पाय ठेवण्यापुरता आकडा सांगत असतो.

घरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचं बिल तीन तुकड्यांचं असतं: व्हिजिट, मजुरी आणि पार्ट. आपण भांडतो पहिल्यावर, कुरकुरतो दुसऱ्यावर आणि तिसरा निमूट भरतो, कारण पार्टची किंमत आपल्याला ठाऊक नसते. समोरच्याला हे पक्कं माहीत असतं. मग व्हिजिटचे तीनशे वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पार्टमध्ये आठशे निघतात आणि दोघंही खूश राहतात. बिलातला सर्वांत रास्त आकडा व्हिजिटचाच असतो, आणि आपली सगळी घासाघीस नेमकी तिथेच खर्ची पडते.

खालचे दर पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या टेक्निशियनचे आहेत आणि ते अंदाजापुरतेच धरायचे. तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडते, पण पार्ट कुरिअरने मागवावा लागतो, त्यामुळे बेरजेत फार फरक राहत नाही. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसचे दर बहुतेकदा याच्या वरचे असतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

दारात आलेल्या माणसाचा हिशेब

आयटीआयमध्ये घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. फ्रिज-एसीचा वेगळा, तोही दोन वर्षांचा. बरेच जण मात्र कुणाच्या तरी दुकानात हाताखाली राहून शिकलेले असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. शिक्षण कुठलंही असो, बॅग भरायला पैसे लागतात. बरा मल्टीमीटर दीड-दोन हजारांचा, तापमान स्थिर ठेवणारं सोल्डरिंग स्टेशन दोन-तीन हजारांचं, बोर्डावरचे बारीक एसएमडी पार्ट काढायला हॉट एअर गन आणखी तीन-चार हजारांची, बॅकलाइट टेस्टर हजाराच्या आसपास, टीव्हीचं पॅनेल उचलायचे सक्शन कप वेगळे. फ्रिजचं काम करायचं तर व्हॅक्युम पंप, गेज, ब्रेझिंगचा टॉर्च आणि गॅस तोलायचा काटा धरून वीस-पंचवीस हजार आणखी. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणं हत्यार म्हणजे सिरीज बोर्ड. दुरुस्त केलेली वस्तू थेट प्लगमध्ये न लावता आधी साध्या शंभर वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावायची. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि बसवलेला नवा पार्ट वाचतो. हा बोर्ड दोनेकशे रुपयांत घरी बनतो. दुकानात गेलात तर टेबलावर तो दिसतोय का, एवढं जरूर बघा.

आता त्याचा एक दिवस मांडून बघू. समजा पाच कॉल आले. एका घराला कुलूप, फोन उचलत नाहीत. दुसरीकडे दोष सापडला, पण "ह्यांना विचारून कळवते" म्हणाल्या आणि पुढे फोन नाही. तिसरीकडे मागच्या आठवड्यात केलेलं काम उलटलं, ते वॉरंटीत, म्हणजे फुकट. राहिले दोन. त्यातल्या एकासाठी पार्ट आणायला पुण्यात असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोड (पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा), आणि मग त्याच घरी दुसरा फेरा. दोन कामांची मजुरी हजार-बाराशे, वर एखादी व्हिजिट तीनशे. त्यातून पेट्रोल आणि फुटकळ खर्चाचे अडीचशे गेले. महिन्याचे चोवीस-पंचवीस दिवस असे भरले आणि दुकानाच्या गाळ्याचं भाडं वजा केलं, की हातात वीस-बावीस हजार उरतात. उन्हाळ्यात फ्रिजमुळे आणि दिवाळीच्या आधी साफसफाईत बिघडवून ठेवलेल्या वस्तूंमुळे थोडे जास्त.

या गणितात तीनशे रुपयांची व्हिजिट म्हणजे पेट्रोल आणि तासभराचा वेळ. त्यात नफा शोधायला गेलात तर सापडणार नाही. स्वतंत्र टेक्निशियन साधारण २५० ते ४०० घेतो, कंपनीचा माणूस ४०० ते ७००. "काम केलं तर व्हिजिट मजुरीत धरतो" अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे आणि गिऱ्हाइकाला ती फायद्याची वाटते. मला ती तितकीशी पसंत नाही. काम निघालं तरच पैसे मिळणार असतील, तर काम निघणारच. व्हिजिटचे पैसे ठरलेले असले की त्याला "काही झालेलं नाही, प्लग सैल होता" असं म्हणायला मोकळीक राहते.

पार्ट स्वस्त आणि बिल जास्त, ही तक्रारही याच जागी तपासून घ्यावी. पावसाळ्यात झाड पडून किंवा जुना जोड जळून इमारतीचा न्यूट्रल तुटतो, आणि काही घरांत २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या जवळपास दाब जातो. सकाळी अख्ख्या मजल्यावरचे टीव्ही गप्प. उघडल्यावर बहुतेकदा सप्लायमधला फ्यूज आणि व्हॅरिस्टर नावाची चपटी गोळी जळालेली असते. दोन्ही मिळून तीस-चाळीस रुपयांचे. ती गोळी स्वतः जळून पुढचा बोर्ड वाचवते, तिचं कामच ते. टेक्निशियनने याचे सहाशे-सातशे घेतले तर ते रास्त आहेत. पैसे गोळीचे नाहीत, पुढे काही जळालेलं नाही हे तपासून सांगण्याचे आहेत. त्याच कामाला "सप्लाय बोर्ड गेला, साडेतीन हजार" असं म्हणणारा निघाला तर मात्र जुना बोर्ड दाखवायला सांगा. जळालेली गोळी काळी पडून फुटलेली असते, ती ओळखायला शिक्षण लागत नाही.

कंपनीच्या सर्व्हिसबद्दल एक गोष्ट समजून घ्यावी. तिथे बहुतेक वेळा बोर्ड दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. त्यात लबाडी असेलच असं नाही. पद्धतच ती, कारण बदललेल्या बोर्डावर कंपनी वॉरंटी देऊ शकते, डाग दिलेल्या जागेवर देत नाही. म्हणून वस्तू वॉरंटीत असेपर्यंत कंपनीखेरीज कुणालाही स्क्रू उघडू देऊ नका, आणि वॉरंटी संपली की कंपनीचा अंदाज घ्या, पण तोच शेवटचा समजू नका.

आवाज आहे, चित्र नाही

फोन करण्याआधी दोन तपासण्या घरच्या घरी होतात. टीव्ही चालूच होत नसेल तर आधी रिमोट बघा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्याकडे धरायचं आणि बटण दाबायचं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. नसेल तर दीडशे-दोनशेचा रिमोट आणा, व्हिजिट वाचली. दुसरी तपासणी आवाज असून चित्र नसेल तेव्हाची. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका मारा. झोताखाली अंधूक माणसं हलताना दिसली तर पॅनेल शाबूत आहे आणि मागचा बॅकलाइट गेलाय. एवढं फोनवर सांगता आलं की पलीकडचा माणूसही सावध होतो, आणि त्याला दर बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

बॅकलाइट म्हणजे पॅनेलच्या मागे लावलेल्या एलईडीच्या पट्ट्या. त्यांतले दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात; एक उडाला की ओळ विझते, आणि पुष्कळ सेटमध्ये बिघाड ओळखून सर्किट सगळाच प्रकाश बंद करतं. एकच दिवा बदलून काम भागवता येतं आणि काही जण तसं स्वस्तात करून देतात. ते करू नये. बाकीचे दिवे तेवढेच तापलेले असतात, चार महिन्यांत दुसरा जातो आणि पॅनेल पुन्हा उचलावं लागतं. पट्ट्यांचा पूर्ण संच बदला. ३२ इंची टीव्हीला मजुरीसकट १,२०० ते २,५००, ४३ इंचीला अडीच ते चार हजार, ५५ इंचीला चार ते साडेसहा हजार इथपर्यंत ठीक. आकार वाढला की दर चढतो तो पट्ट्यांमुळे कमी आणि पॅनेल उचलण्याच्या जोखमीमुळे जास्त. ती काच कागदासारखी पातळ असते, कडेला चिकटलेल्या रिबन त्याहून नाजूक. ५५ इंची पॅनेल एकट्याने उचलायचं नसतं. टेक्निशियनने मदतनीस आणला नसेल तर त्याला सोफ्यावर बसवा, चहा द्या आणि मदतनीस येईपर्यंत थांबा.

इथेच एक प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारायचा: उचलताना पॅनेल फुटलं तर कुणाचं? चांगला टेक्निशियन "माझं" म्हणतो आणि त्याचे पैसे दरात धरतो. "बघू" म्हणाला तर दुसरा शोधा. उत्तर व्हॉट्सॲपवर घेतलेलं बरं, नंतर तेच कागद होतं.

काम झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणायला सांगा. दुकानात टीव्ही झळकावा म्हणून तो शंभरवर ठेवलेला असतो आणि आपण तसाच घरी आणून वर्षानुवर्षं चालवतो. कमी प्रकाशात दिवे कमी तापतात, जास्त टिकतात. हे फुकटचं काम आहे आणि ते नव्या टीव्हीलाही लागू आहे.

चित्र आहे पण उभ्या रेघा पडल्यात, अर्धा पडदा धुरकट आहे, किंवा चित्र दुहेरी दिसतंय, तर दोष पॅनेलच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. काही वेळा टी-कॉन नावाचा छोटा बोर्ड किंवा सैल झालेली रिबन एवढ्यावर निभावतं, ८०० ते अडीच हजारांत. पॅनेलच्या कडेच्या रिबन मशीनवर नव्याने दाबून चिकटवण्याचं बाँडिंग मोठ्या शहरांत दोन ते पाच हजारांत होतं, पण त्यावर महिना-तीन महिन्यांपलीकडे कुणी वॉरंटी देत नाही आणि न देण्यात ते खरेच असतात. पॅनेलच गेलं तर विषय संपला. नव्या सेटच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे पॅनेललाच पडतात. चेंडू लागून किंवा पुसताना तडा गेला असेल तर वॉरंटी, वाढीव वॉरंटी यांतलं काहीही बहुधा उपयोगी पडत नाही, कारण आपटणं-फुटणं त्या कागदांत वगळलेलं असतं. वाढीव वॉरंटी घेताना तेवढी एक ओळ वाचून मगच पैसे द्या.

मेन बोर्ड गेला आणि मूळ बोर्ड मिळत नसला तर "युनिव्हर्सल बोर्ड टाकतो" असं सुचवतात. २४ ते ३२ इंची साध्या टीव्हीला दोन-तीन हजारांत हा मार्ग चांगला आहे. स्मार्ट टीव्हीला टाकला तर रिमोट बदलेल, ॲप बदलतील किंवा जातील, आवाजही थोडा पातळ होईल. हे आधी सांगितलं जात नाही आणि भांडण नंतर होतं.

स्टॅबिलायझरवर पैसे घालायची टीव्हीला गरज नसते. आजच्या टीव्हीचा सप्लाय शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत आपोआप सांभाळून घेतो. त्यापेक्षा घराचं अर्थिंग तपासून घ्या, आणि विजा कडाडू लागल्या की केबलची वायर आणि प्लग दोन्ही काढा.

मशीन, फ्रिज, मिक्सर

मिक्सरसाठी कुणाला घरी बोलावू नका. उचलून दुकानात न्या. त्याआधी उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. पुरण किंवा इडलीचं पीठ जास्त घातलं की मोटर वाचवण्यासाठी ते बाहेर येतं आणि मिक्सर मेल्यासारखा होतो. आतून ठिणग्या, जळका वास आणि अडखळत फिरणं म्हणजे कार्बन झिजले. जोडी बदलायला मजुरीसकट दीडशे ते अडीचशे. वरचं रबरी कपलर शंभराच्या आत-बाहेर. भांड्यातून तळाशी पाणी गळत असेल तर बुश आणि पातं, दोनशे ते साडेतीनशे. आर्मेचर जळलं तर आठशे ते दीड हजार, आणि तो खर्च सातशे पन्नास वॉटच्या जड, जुन्या मिक्सरवर करावा, हलक्या प्लास्टिकच्या मिक्सरवर नाही.

वॉशिंग मशीनच्या कॉलमध्ये रिकाम्या कॉलचा वाटा मोठा असतो. पाणी जात नाही म्हणून बोलावलेल्या माणसाने खालचं झाकण उघडून फिल्टरमधून दोन रुपयांचं नाणं, साडीपिन आणि मोज्याचा धागा काढायचा आणि चारशे घेऊन जायचं. पाणी भरत नसेल तर नळाकडच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याच्या सोसायट्यांत ती महिन्याभरात क्षारांनी बुजते. खरंच पंप गेला असेल तर हजार ते अठराशे, पाण्याचा व्हॉल्व्ह सातशे ते बाराशे. फिरताना विमानासारखा घरघराट येत असेल तर बेअरिंग, अडीच ते पाच हजार. पण फ्रंट लोडच्या काही मॉडेलमध्ये ड्रमची टाकी कायमची जोडलेली असते आणि बेअरिंगसाठी अख्खी टाकी घ्यावी लागते. हे मॉडेल नंबर सांगून आधीच विचारता येतं.

मशीनच्या बोर्डाची कथा वेगळी. ओलाव्यापासून वाचावा म्हणून तो रेझिनमध्ये बुडवलेला असतो, त्यामुळे त्यातला ट्रायॅकसारखा एक पार्ट बदलायलाही आधी तासभर खरवडावं लागतं. घरी येणारा टेक्निशियन हे काम सहसा स्वतः करत नाही. बोर्ड फक्त बोर्डाचंच काम करणाऱ्याकडे देतो. तिथे हजार-बाराशे लागतात, आपल्याला अठराशे ते तीन हजार सांगितले जातात. मधला फरक बघून चिडायचं कारण नाही. ने-आण, बसवणं, आणि महिन्याभरात पुन्हा बंद पडला तर दोन फेऱ्या, हे सगळं त्या फरकात आहे. नवा बोर्ड चार ते दहा हजारांना पडतो, तेव्हा आधी दुरुस्ती करून बघणं योग्यच. बोर्ड बाहेर जाताना मात्र त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कोपऱ्यात मार्करने सही करा. आपलाच बोर्ड परत यावा, एवढ्यासाठी. कोकणात आणि समुद्राकाठच्या वस्तीत खाऱ्या हवेने बोर्डावरचे पाय हिरवे पडतात. तिथे दुरुस्तीनंतर बोर्डावर संरक्षक लेप मारून मागा, फार पैसे पडत नाहीत.

फ्रिजबाबत एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी दोन-तीन हजार वाचतील: गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. "गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला "गळती कुठे आहे, ती दाखवा" असं विचारा. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, ज्वालाग्राही, आणि घरगुती फ्रिजमध्ये त्याचं प्रमाण दीडशे ग्रॅमच्या आतच ठेवतात. एवढ्याशा गॅसची किंमत किरकोळ. दोन ते साडेतीन हजारांचं बिल रास्त ठरतं ते गळती बुजवणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणं आणि काट्यावर तोलून गॅस भरणं या सगळ्यासाठी. व्हॅक्युम पंप न आणता आलेल्या माणसाकडून फ्रिजची नळी कापून घेऊ नका. आणि ज्वालाग्राही गॅसचं काम चालू असताना स्वयंपाकघरातली शेगडी बंद, खिडकी उघडी.

फ्रिज थंड होत नाही पण आतला दिवा लागतोय आणि मागून "टक" आवाज येऊन बंद होतोय, तर आधी रिले आणि ओव्हरलोड तपासायला सांगा. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या फ्रिजमध्ये हे काम चारशे ते आठशेत होतं, आणि याच लक्षणांवर कॉम्प्रेसर गेल्याचं निदान ऐकवून पाच ते नऊ हजार सांगितले जातात. कॉम्प्रेसरवर "१० वर्षं वॉरंटी" लिहिलेलं असतं ते बहुधा नुसत्या कॉम्प्रेसरवर असतं. गॅस, मजुरी, वाहतूक आणि त्यावरचा जीएसटी आपला. फुकटच्या कॉम्प्रेसरचं बिल तीन-चार हजार येतं तेव्हा लोक हबकतात. कार्ड आधी वाचलेलं बरं.

मायक्रोवेव्हचं झाकण घरी उघडू नका, हे कळकळीने. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो धरून बसलेला असू शकतो. शिकलेला टेक्निशियनही आधी तो डिस्चार्ज करतो, मग हात घालतो. आत ठिणग्या उडत असतील तर मात्र घाबरू नका: बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा तेलकट होऊन जळालेला असतो. शंभर-दोनशे रुपयांत नवा कापून बसतो. दिवा लागतो, ताट फिरतं, पण अन्न गरम होत नाही, तर डायोडपासून मॅग्नेट्रॉनपर्यंत काहीही. सहाशेपासून तीन हजारांपर्यंत.

बिल मागायचं ते यासाठी

"बिल हवं असेल तर १८ टक्के जास्त पडतील" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. बिल आणि जीएसटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताही येत नाही. साध्या पावतीवर तारीख, मॉडेल, कोणता पार्ट बदलला, पार्टचे किती, मजुरी किती आणि वॉरंटी किती दिवसांची एवढं लिहून सही घेतली तरी ते बिलच. जीएसटी लावलाच असेल तर पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. केलेल्या सेवेची पावती न देणं त्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. आणि याच कायद्यात सेवेच्या व्याख्येतून फुकट केलेली सेवा वगळलेली आहे. "व्हिजिट फ्री" म्हणून आलेल्या माणसाने तपासताना टीव्ही बिघडवला आणि तुम्ही त्याला छदामही दिलेला नसला, तर तुमची तक्रार तिथेच लंगडी पडते. तीनशे रुपये देऊन घेतलेली पावती तुम्हाला ग्राहक बनवते.

भांडण झालंच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपनीच्या सर्व्हिसची प्रकरणं तिथे पुष्कळदा तडजोडीने मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. हजार-बाराशेसाठी कुणी आयोगात जात नाही हे खरं. पण पावतीवर सही करणारा माणूस पावती न देणाऱ्यापेक्षा काम जपून करतो, हा फायदा आयोगात न जाताच मिळतो.

पार्टची किंमत तपासायची तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलंय. टीव्ही-फ्रिजच्या कंपन्यांची सुटे भाग, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरबद्दलची माहिती तिथे एकत्र आहे. ती सगळीकडे सारखी भरलेली नाही, तरी बोर्डाचा आकडा अवाच्या सवा वाटला तर बघून घ्यायला हरकत नाही.

आणि सर्व्हिसचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. कंपनीच्या नावाने खोटे हेल्पलाइन नंबर पेरलेले असतात. फोन केला की "दहा रुपये भरून कॉल बुक करा" म्हणून लिंक येते आणि खातं रिकामं होतं. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा वस्तूच्या मागच्या स्टिकरवरचा घ्या. फसलाच असाल तर लगेच १९३० लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

दुरुस्त की नवा?

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवा घ्या, असं सगळीकडे सांगतात. नियम सोपा आहे, पण तो वस्तूचं वय विचारत नाही. मी असं धरतो: पाच वर्षांच्या आतली वस्तू असेल तर चाळीस टक्क्यांपर्यंत खर्च करावा, पाच ते आठमध्ये पंचवीस टक्के, त्यापुढे पंधरा. अपवाद मिक्सर आणि जुने, साधे, बोर्ड नसलेले फ्रिज. ते कितीही वेळा दुरुस्त होतात. टीव्हीच्या बाबतीत पारडं नव्याकडे आणखी थोडं झुकलंय, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

नवा घ्यायचं ठरलं तरी जुना सेट लगेच भंगारात घालू नका. तडकलेल्या पॅनेलच्या टीव्हीतला मेन बोर्ड, सप्लाय आणि स्पीकर चांगले असतात, आणि ज्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत तिथे दुसऱ्या कुणाचा सेट त्यांच्यावरच उभा राहतो. तपासायला आलेल्या टेक्निशियनलाच विचारा, "सेट घेणार का?" ४३ इंचीचे पाचशे ते दीड हजार सहज देतो, भंगारवाला किलोवर मोजेल त्याहून बरेच. जुना डबा टीव्ही मात्र कुणी घेणार नाही. त्याच्या काचेत शिसं असतं, ती फोडून उकिरड्यावर टाकायची वस्तू नव्हे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. नवा सेट घेताना दुकानदाराला "जुना घेऊन जाणार का" हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर कुणी जिना चढत नाही.